बारा बाय अठराची प्रिंट

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. इंदापूरच्या माझ्या फोटो स्टुडिओच्या आठवणी पानंच्या पानं लिहिल्या, पण त्या छोट्या कॅमेऱ्यापाशी आलो की पेन ठेवून उठायचो. आज उठायचं नाही असं ठरवून बसलोय.

लासुर्ण्यात माझा एक मित्र होता, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. त्याचंही फोटोचं दुकान. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला तात्या. मोबाइलला अजून धड कॅमेरे नव्हते, त्या दिवसांत एका दुपारी तो मुठीएवढा डिजिटल कॅमेरा घेऊन माझ्याकडे आला.

"पुण्यातनं आणलाय, आठ दिवसांत परत द्यायच्या बोलीवर. तुमी बघून सांगा. तुमी व्हय म्हणलात तर ह्याच्यावरच लग्नं धरतो."

"एवढ्याशा डबीवर?"

"डबी न्हाय तात्या, अख्खी डार्करूम हाय. बसा तितं."

त्यानं माझा फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर बटणं दाबत माझ्या गालांवरचे देवीचे वण घालवले. मग रंग उतरवून फोटो जुन्यासारखा तपकिरी केला, कडेनं चौकट लावली. चहा यायच्या आत सगळं झालं. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरे गुळगुळीत करण्यात माझे डोळे गेले होते. त्याच हातकसबावर माझं नाव झालं होतं. लासुर्ण्याचे लोकसुद्धा नवरीचा फोटो काढायला माझ्याकडेच यायचे.

मग त्यानं भाभींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोटो दाखवला. पदर तोंडाशी धरून त्या खळखळून हसत होत्या. माझ्या कॅमेऱ्यासमोर बाईमाणूस कधी असं हसलं नव्हतं.

"ठेवून जा. चार दिवस बघतो," मी म्हणालो.

बघितलाही नीट. जवळून फ्लॅश मारला की चेहरा पांढरा पडायचा, अंधाऱ्या मांडवात फोटोवर वाळूसारखे दाणे यायचे, बॅटरी लवकर बसायची. पण रंग खरे होते. आणि एवढ्याशा वस्तूला कुणी कॅमेरा समजत नसे, त्यामुळं माणसं आखडत नसत. तो लग्नाला चालला असता. चालला असता काय, भाईच्या हातात धावला असता.

चौथ्या दिवशी मी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटोचा आकार सगळ्यांत लहानावर नेला, त्या मापात माझ्या भाचीचा फोटो काढला आणि बारामतीच्या लॅबमधून त्याची बारा बाय अठरा इंचांची प्रिंट आणली. एवढा लहान फोटो एवढा मोठा केला की फुटणार, हे मला माहीत होतं. कॅमेऱ्यातला आकार नंतर होता तसा करून ठेवला.

भाईनं प्रिंट उजेडात धरली. भाचीच्या गालावर चौकोनच चौकोन.

"फुटतोय की हो."

"खेळणं हाय, भाई. पोरीचा बाप अल्बम तोंडावर फेकंल."

"बरं झालं तुमाला इचारलं," तो म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी कॅमेरा परत देऊन आला.

दोन महिन्यांनी त्याच मॉडेलचा कॅमेरा मी विकत घेतला. लासुर्ण्यातल्याच एका लग्नात भाई पाहुणा म्हणून आला होता. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं.

"तात्या, खेळताय व्हय?"

"ह्यो नवा निघालाय," मी म्हणालो. तो हसला, मीही हसलो. पुढच्या वर्षी त्यानं दुकान बंद केलं आणि भावाच्या हार्डवेअरच्या गल्ल्यावर बसू लागला.

नंतर खरं काय ते सांगायचं म्हणून मी तीनदा लासुर्ण्याला गेलो. शेवटच्या खेपेला तो अंथरुणाला खिळला होता. माझा हात धरून म्हणाला, "आता कुठला कॅमेरा हाय तुमच्याकडं?" मी कॅमेऱ्यांबद्दलच बोलत राहिलो, भाभींनी आणलेला चहा गार होईपर्यंत. पंधरा दिवसांनी तो गेला.

बोलायचं होतं ते एवढंच: भाई, कॅमेरा चांगला होता. आकार मी कमी केला होता. तुझं दुकान चाललं असतं आणि ते मला बघवलं नसतं. मला माफ कर.