आतोबांचा डान्स हॉल

आमच्या आतोबांइतका आशावादी माणूस निजामाच्या अख्ख्या राज्यात दुसरा नव्हता. नाहीतर हिंगोलीत डान्स हॉल कोण काढील? माझ्या आत्याचे हे यजमान सिकंदराबादच्या छावणीत साहेबलोकांच्या नाचाला दहा वर्षं क्लॅरिनेट वाजवून परतले, ते हेच खूळ डोक्यात घेऊन. त्यांनी सरकीचं एक पडीक गोदाम घेतलं, त्यात सागवानी फळ्या ठोकल्या आणि मेण लावून त्या इतक्या घासल्या, की आत शिरलेली एक शेळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बसल्या बसल्याच गेली. आतोबा खूश! "पाह्यलं? तिला जमून राहिलं!"

पहिल्या दिवशी कळमनुरीहूनसुद्धा गाड्या जुंपून लोक आले. दाराशी वहाणा काढून, बाया एकीकडे, बाप्ये एकीकडे, फळ्यांवर मांडी घालून बसले. आतोबांनी तीन चाली वाजवल्या तरी कुणी उठेना. शेवटी अत्तरवाले चाचा म्हणाले, "मास्तर, नाचनारे कवा येनार?"

"तुमीच नाचायचं, चाचा! चाचींना घेऊन उठा."

"तिला काहून तकलीफ देता? तीबी पाहायाच आली."

पुढं कैक वर्षं हेच. दर शनिवारी लोक येत, बसत, माना डोलवत. आतोबा कधी चिडले नाहीत. "बसून बसून पायाला मुंग्या येतीन, मंग आपसूक उठतीन," म्हणायचे. बाकीच्या दिवशी मात्र दिवेलागणीला दार ओढून, ग्रामोफोन लावून, आतोबा आणि नऊवारीतली आत्या दोघंच नाचत. आत्या ओठांत पावलं मोजायची. खिडकीतून मी ते कितीदा पाहिलं होतं.

अठ्ठेचाळीस साली निजामी गेली, त्या धामधुमीत शनिवारचे लोक यायचे बंद झाले. तेव्हा मी तहसिलीत कारकून होतो. सरकारला धान्य ठेवायला रिकाम्या जागा हव्या होत्या. हॉल वापरात आहे का, असं साहेबांनी मला विचारलं. आपली आत्या नवऱ्याबरोबर नाचते, हे सांगायची मला लाज वाटली. मी "नाही" म्हणालो आणि तसंच लिहूनही दिलं. आठवड्यात त्या फळ्यांवर ज्वारीची पोती चढली.

हे कबूल करायला मला बारा वर्षं लागली. एकदा आतोबांकडे जेवताना सगळं सांगून टाकलं. आतोबा हसले. "बराबर लिवलंस, लेकरा. दोन मानसांच्या नाचाला कुनी वापर म्हनतं का?"

आत्या चुलीपुढं भाकरी थापत होती. मागं न बघता म्हणाली, "तुमचं तुमाला ठाव. म्या तर येका सांजेचा नागा केला न्हाई."

आतोबांनी मला माफ केलं. आत्याला विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.