सम-विषमवाले वामनराव

सकाळी कॅलेंडरवरची तारीख बघितल्याशिवाय वामनराव चहाला तोंड लावत नसत. सम तारीख असली की आमच्या गल्लीत गाड्या डाव्या बाजूला, विषम असली की उजव्या. पाटी त्यांनीच रंगवलेली. यवतमाळच्या कचेरीतून ते निवृत्त झाले होते, पण कचेरी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती.

चुकीच्या बाजूला गाडी दिसली की चाकाला साखळी आणि कुलूप. दंड म्हणून गल्लीतल्या कडुनिंबांना दोन बादल्या पाणी घालायचं. माझ्या साडूनं नव्या पँटीत पाणी घातलं, तेव्हा वामनराव म्हणाले, "तुमाले सोडलं त उद्या कोनाले धरू, बाप्पा?" आम्ही हसायचो, पण कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या बायकोसाठी आलेली ॲम्ब्युलन्स दोन्हीकडच्या गाड्यांमुळे कोपऱ्यावरच अडली होती, आणि त्या वाचल्या नव्हत्या. म्हणून गल्लीच्या बैठकीत साखळीच्या ठरावाला मीही हात वर केला होता.

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी फवारणी करणारी माणसं विषबाधा होऊन शहरात येत होती. गल्लीतल्या दवाखान्यात मुकुटबनहून अशाच एकाला आणलं. त्याला घेऊन आलेली जीप बाहेर रिकामी, चुकीच्या बाजूला उभी दिसली. वामनरावांनी कुलूप घातलं आणि चतुर्थी म्हणून कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला निघून गेले. किल्ली खिशात. तासाभरानं डॉक्टरांनी पेशंटला ताबडतोब नागपूरला न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली. दगडानं कुलूप फोडण्यात अर्धा तास गेला. तो माणूस वाटेतच गेला.

"अर्ध्या तासानं फरक पडला नसता," असं डॉक्टर म्हणाले. वामनरावांनी ऐकून घेतलं, मानलं नाही. तेरवी झाल्यावर मला घेऊन ते मुकुटबनला गेले. त्या माणसाची बायको ओसरीवर बसली होती.

"माह्या हातानं झालं, बाई. तू म्हनशीन तो दंड."

ती रडली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "दंडाचं काय करू मी, काका? निस्तं सांगा, आमी गाडी कोठी लावाची होती?"

उत्तर सोपं होतं. समोर, दहा पावलांवर. वामनराव हात जोडून बसून राहिले. वर्षभरात तेही गेले. माणूस वाईट नव्हता हो. पण त्यांना खांदा देताना मला ती बाईच दिसत होती, आणि तिच्यापुढे हात जोडायला मी त्या दिवशी पुढे झालो नव्हतो.