बादलची खानदानी चाल

माझ्या कुत्र्याला आजार होता, आणि तो आजार मी चार महिने गावभर मिरवला.

मी तिसरी पास. (चौथीत मास्तरानं कान धरला, म्हणून शाळा सोडली. चूक मास्तराची होती, अजूनही सांगतो.) पण जनावर पाहावं तर मीच. आमच्या मूल तालुक्याच्या धानपट्ट्यात शंकरपट भरतात, बैलजोड्या धावतात. जोडी विकत घ्यायची तर लोक आधी मला बोलावत. बैल चार पावलं चालला की मी सांगायचो, हा पळेल आणि हा बसेल. असं असताना माझ्या पोरानं, प्रशांतनं, तीन महिन्यांचं लॅब्राडॉरचं पिल्लू आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. तो ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीला आहे.

"बाबा, माही क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर हाये, याचे हाल होतात. तुमी सांभाळा. पण याले जास्त खाऊ घालू नका."

मला हसू आलं. बैल वाढवलेल्या माणसाला हा कुत्रं शिकवत होता!

नाव ठेवलं बादल. पटात पहिला आलेल्या माझ्या बैलाचं नाव. नाव बैलाचं म्हटल्यावर खुराकही बैलाच्या मानाचा हवा. सकाळी दूधभात, दुपारी अंडी, संध्याकाळी मटणाचा रस्सा आणि सगळ्यावर तुपाची धार. आमची बुढी (म्हणजे बायको, सुमन) म्हणायची, "एवढं तूप तुमी मले बाळंतपणात नाई देल्लं." मी ऐकलं नाही. सातव्या महिन्यात बादल असा भरला की मागून पाहणाऱ्याला वासरू वाटावं.

आणि त्याची चाल काय सांगू. पळायला लागला की मागचे दोन्ही पाय एकदम टाकायचा, सशासारखे. टुण, टुण, टुण. माझी छाती फुगली. पटातले दोन बैल एका दमात पाय टाकतात तेव्हा जोडी जिंकते. इथं तर एकाच जनावरात अख्खी जोडी होती. चौकात गफ्फारभाईचं पंक्चरचं दुकान आहे. तिथं मी रोज बादलला पळवून दाखवायचो.

"पाहा गफ्फारभाई, पाय कसे जोडीनं टाकते."

"भाऊ, बाकीचे कुत्रे तं एक एक पाय टाकतेत."

"बाकीचे गावठी हायेत."

"मंग हा बैठता ऐसा काऊन? दोन्ही टांगा एका बाजूले फेकून?"

"पाटील गादीवर कसा बसते? तसा. खानदान बोलते त्याचं."

गफ्फारभाई टायर घासत राहिला. त्याला पटलं नाही, पण मला तो त्याचा अडाणीपणा वाटला.

सकाळी बादल उठायला वेळ लावायचा. पुढचे पाय उभे व्हायचे आणि मागचे विचार करत राहायचे. मी म्हणायचो, घाई हलक्या जनावराला असते. घराच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबून माझ्याकडे पाहायचा. मी म्हणायचो, मालकाला पुढं जाऊ देतो. पोरानं घरात गुळगुळीत टाइल्स बसवल्यात, त्यांच्यावर मागचे पाय फाकून तो सपशेल पसरायचा. त्याचंही मी काहीतरी चांगलंच कारण सांगितलं होतं, आता आठवत नाही.

मग मी तालीम सुरू केली. पहाटे सायकलला दोरी बांधून पक्क्या रस्त्यानं पळवायचं आणि परत येताना बांधांवरून उड्या. एका संध्याकाळी चौकात दहा-पंधरा माणसं जमली होती आणि एक बैलबंडी रिकामी उभी होती. मी म्हणालो, "हा बंडीवर एका उडीत चढते."

"नोको करू भाऊ," गफ्फारभाई म्हणाला, "जड हाये तो."

तो नको म्हणाला म्हणूनच मी केलं. (हा माझा जुना आजार.) बादलनं माझ्याकडे पाहिलं आणि उडी मारली. पुढचे पाय बंडीवर पोचले, मागचे पोचले नाहीत. तो आडवा खाली पडला आणि असा आवाज काढला की दुकानातला कॉम्प्रेसरही कुणीतरी बंद केला. उठायला गेला, बसला. पुन्हा उठायला गेला, पुन्हा बसला. डावा मागचा पाय जमिनीला टेकवेचना. तरी शेपूट हलवत होता, कारण मी समोर उभा होतो.

गफ्फारभाईनं आणि मी त्याला पोत्यावर घालून घरी नेलं. सात महिन्यांचं जनावर, आणि आता हे चालेल की नाही, एवढा एकच प्रश्न उरला होता.

पण मी हरणारा माणूस नव्हे. बैलाचा पाय धरला की खुब्यावर डाग द्यायचा, हे माझ्या बापाचं औषध. मी विळा चुलीत घातला. विळा लाल झाला तशी बुढी आली.

"काय करून राह्यले जी?"

"डाग देतो. बैलाले देत होतो ना."

"बैलानं येऊन सांगितलं का तुमाले, बरं वाटलं म्हणून?"

"जुनं औषध हाये, सुमन."

"मंग आधी आपल्या मांडीले लावा. कसं वाटते ते सांगा. मंग त्याले लावू."

मी विळा चुलीबाहेर काढला. मग म्हणालो की उद्या तालुक्याला दाखवू, उगाच विळ्याची धार जाते.

मूलच्या जनावरांच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी बादलला तपासलं आणि मला विचारायला लागल्या.

"काका, हा पळताना सशासारखे मागचे दोन्ही पाय सोबत टाकतो का?"

पोरीला जनावर कळतं, मी मनात म्हटलं. "हो जी. एकदम बरोबर."

"बसताना पाय एका बाजूला टाकतो?"

"पाटलासारखा."

"झोपेतून उठायला वेळ लागतो? पायऱ्या चढताना थांबतो?"

"दोनी करते."

"गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात?"

"रोज," मी म्हणालो, आणि बुढीकडे रुबाबात पाहिलं. सगळी उत्तरं बरोबर येण्याची ही माझ्या जन्मातली पहिली वेळ.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, ही सगळी खुब्याच्या आजाराची लक्षणं आहेत."

मी खुर्चीत होतो म्हणून पडलो नाही. बाईंनी एका हाताची वाटी केली आणि दुसऱ्या हाताची मूठ त्यात ठेवली. "खुब्याचा गोळा असा वाटीत बसतो. याची वाटी उथळ असावी, गोळा हलतो आहे. मोठ्या जातीच्या पिल्लांत रक्तातूनच येतं हे. पण वजन भराभर वाढलं, उड्या मारल्या, पक्क्या रस्त्यावर पळवलं की जास्त बिघडतं. हे तुमच्या लक्षात कधी आलं?"

"पहिल्या दिवसापासून," मी खरं बोललो.

"मग काय केलं तुम्ही?"

बुढी म्हणाली, "गावाले दाखवलं जी."

पक्कं कळायला एक्स-रे हवा होता. प्रशांतनं रजा काढली आणि आम्ही सगळे नागपूरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी बरंच काही समजावलं. मी ऐकलं नाही, कारण मला त्यांच्या बोलण्याचा रोख आवडला नव्हता. बादलला आत नेलं, आणि थोड्या वेळानं एक्स-रेच्या खोलीचं दार उघडं राहिलं तेव्हा आत नजर गेली. बादल टेबलावर आडवा पडलेला, जीभ बाहेर, डोळे अर्धे उघडे. हालचाल नाही.

पंचाहत्तर वर्षांत चारचौघांत मी रडलो नव्हतो. तिथं रडलो. मांजरं घेऊन बसलेल्या शहरी बायकांच्या मधोमध, भिंत धरून. "म्याच मारला याले," मी म्हणत होतो, "तूप घालून मारला. सायकलमागं पळवून मारला. रोज मटण देल्लं. गफ्फारभाई नोको म्हणत होता तरी बंडीवर चढवला."

"बाबा," प्रशांत म्हणाला, "तुमी तं फोनवर सांगत होते, दोन पोळ्या खाते म्हणून."

"अन् म्या डाग द्याले विळा तापवला होता."

"काय?"

आतून एक कंपाउंडर आला. "आजोबा, गुंगीचं इंजेक्शन दिलंय. जनावर हललं तर फोटो येत नाही. मघाशीच सांगितलं होतं."

बायका हसल्या नाहीत. एकीनं मला पाण्याची बाटली दिली, ते जास्त लागलं. तासाभरानं बादल झोकांड्या खात बाहेर आला, माझ्या चपलेवर डोकं ठेवलं आणि झोपला. तोवर माझा चार महिन्यांचा सगळा कबुलीजबाब घरच्यांना तोंडपाठ झाला होता.

डाव्या खुब्याची वाटी जास्त उथळ होती, उजव्याची थोडी. सध्या ऑपरेशन नको म्हणाले, पुढं पाहू. वजन उतरवायचं, उड्या बंद, पायऱ्या बंद, फरशीवर गोणपाट. पट्टा बांधून मातीवरून हळू फिरवायचं. लिहून दिलेलंच औषध, माणसाची दुखण्याची गोळी तर मुळीच नाही. आणि रोज पाण्यात चालवायचं, म्हणजे खुब्यावर भार न येता मांड्या भरतात.

आमच्या गावाला बोडी आहे, छोटा तलावच. महिनाभर सकाळी मी अर्धी चड्डी घालून बादलला घेऊन पाण्यात उतरलो. काठावर कपडे धुणाऱ्या बाया तोंडाला पदर लावत. मी लक्ष दिलं नाही. बुढीनं रोजचा भात मापून दिला, तुपाचा डबा कुलपात गेला, आणि बादलच्या अंगात हळूहळू कंबर दिसायला लागली.

एके दिवशी बादल पोहत पुढं गेला म्हणून मीही गेलो. (मला पोहता येत नाही. हे कुणाला सांगितलं नव्हतं.) पाय गाळात रुतले. छातीपर्यंत पाणी, हलता येईना. बादल वळला, काठावर चढला, अंग झटकलं आणि घराकडे निघाला. तेव्हा मी पाहिलं. मागचा उजवा, मग डावा. मग उजवा, मग डावा. चारही पाय वेगवेगळे.

मी दोन्ही हात वर करून ओरडायला लागलो, "पाहा रे, पाहा! कसा चालून राह्यला!" बायांना वाटलं, म्हातारा बुडला. दोघीतिघींनी लुगड्याची दोरी केली, गफ्फारभाई धावत आला आणि मला म्हशीसारखं ओढून काढलं. बादलनं मागं वळूनही पाहिलं नाही.

त्या ओढाताणीत माझा खुबा धरला. पुढच्या तपासणीला बाई बादलवर खूश झाल्या. मग मला म्हणाल्या, "काका, तुम्ही का लंगडता आहात?"

"याईले बी पाहून द्या ना जी," बुढी म्हणाली.

"आई, मी फक्त जनावरांची डॉक्टर आहे."

"म्हणूनच तं आणलं," बुढी म्हणाली.