फळ्याच्या कोपऱ्यातला डॉलर

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते डॉलरसरांचे. आमच्या मागांच्या वस्तीत, नारपोलीत, त्यांना खऱ्या नावाने कोणी ओळखत नसे. अर्थशास्त्राच्या तासाला आले की हजेरीआधी ते फळ्याच्या कोपऱ्यात डॉलरचा त्या दिवसाचा भाव लिहीत. माझे वडील यंत्रमागावर कामाला. आमच्या घरात दहावीपुढे गेलेला मीच पहिला. कॉलेजची फी सरांनी भरली आणि बजावलं, "फेडायची नाही. समजून घ्यायचं."

धामणकर नाक्यावरचा चहावाला त्यांना डिवचायचा, "मास्टरजी, कभी डॉलर देखा भी है?"

"तूने हवा देखी है? फिर भी पत्रा उडता है ना तेरा!"

वर्गात सर सांगत, "नोटा प्रत्येक देशाच्या, पण सगळ्यांनी डोळे मिटून स्वीकारावी अशी डॉलरचीच. म्हणून जो तो देश डॉलर साठवतो, तेलही त्यातच घेतो. जगात कुठे घबराट झाली की पैसा डॉलरकडे पळतो, रुपया पडतो, आणि तेलापासून बनणारं आपलं पॉलिएस्टरचं सूत महागतं. कापडाला मात्र व्यापारी वाढीव भाव देत नाही. मधे भरडलं कोण जातं? आपली नारपोली."

भरडला गेला तो त्यांचाच मुलगा, छोटा कारखानदार गिरीशदादा. सरांच्या पीएफमधून घेतलेले त्याचे माग तोट्यात बंद पडले; ते भंगारवाल्याने घणाने फोडून वजनावर नेले. दुसऱ्या सकाळीही सरांनी भाव लिहिला. खडू मोडला. आमच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "यात कारखानदाराची चूक नव्हती."

घरी मात्र ते गिरीशदादाशी बोलेनासे झाले. "त्याच्यासमोर शब्दच फुटत नाही रे," एकदा मला म्हणाले. काही महिन्यांनी दादा न सांगता सुरतेला निघून गेला. सर भाव लिहीत राहिले, अक्षर बारीक होत गेलं.

मी पदवीधर झालो, बँकेच्या परकीय चलन विभागात लागलो. गेल्या महिन्यात कामासाठी सुरतेला गेलो होतो. परतल्यावर सरांना पत्र पाठवलं:

"आदरणीय सर, सादर प्रणाम.

गिरीशदादा भेटला. दुसऱ्याच्या कारखान्यात मागावर ड्युटी करतो. कारखानदाराची चूक नव्हती, असं तुम्ही वर्गात म्हणाला होतात, ते त्याला सांगितलं. हातातला चहा खाली ठेवून त्याने विचारलं, 'बाबा असं म्हणाले?' मग म्हणाला, 'मला वाटलं, त्यांना माझं तोंडही बघायचं नाही.'

सर, तुम्ही शिकवलंत ते मी समजून घेतलं. पण हे माझ्या तोंडून त्याला पटायचं नाही. त्याचा नंबर खाली लिहिला आहे. त्याची रात्रपाळी असते; दुपारनंतर तो जागा असतो."