बाजेखालची शेगडी

आंधळगावच्या चहाटपरीवर त्या हिवाळ्यात रोज सकाळी एक म्हातारा जुनं घमेलं घेऊन यायचा आणि भट्टीतले निखारे मागायचा. मुलगी बाळंत झाली होती, तिच्या बाजेखाली शेगडी लागायची. लेकराला पांघरूण घालावं तशी तो निखाऱ्यांवर राख पसरायचा. नाव मी कधी विचारलं नाही. माकडटोपी, दोन स्वेटर आणि वर बायकोची शाल अशा अवतारात मी भट्टीला चिकटलेला असायचो. थंडीनं सगळं आखडायचं, जीभ तेवढी मोकळी.

"काका, रोज निखारे घेऊन चालले. नातवाचे पेढे कधी चारता?"

त्याचा चिमटा थांबला.

"नातू परवाच गेला, बाबू. पण पोरीले अजून लय थंडी लागून राहिली."

मी भट्टीजवळची जागा सोडली. तो वाकला आणि भट्टीतले मोठे निखारे निवडू लागला.