अर्थिंगची तार

भाईंदरच्या त्या जुन्या थिएटरात पिक्चर चालू असताना मी मुतारी समजून जिन्यावरचं जे दार उघडलं, ते प्रोजेक्टरच्या खोलीचं निघालं. जानेवारीतली कोरडी थंडी, अंगात स्टेशनबाहेर घेतलेला नायलॉनचा स्वेटर. निमूट मागे फिरायचं सोडून मी रुबाबात लोखंडी मशीनला टेकलो, आणि असा शॉक बसला की किंचाळलोच.

तिथला माणूस हसला नाही. तो ओल्या गोणपाटावर अनवाणी उभा होता. एका हाताने पाण्याचा नळ धरलेला, दुसऱ्याची बोटं पळत्या फिल्मच्या कडेला. बारीक 'टच्' आवाज झाला की त्याची डावी पापणी लवायची.

"हे काय करताय?"

"थंडीत फिल्ममधी करंट भरतो, काका. मग ती सोताला चिकटून अडकते. अर्थिंगची तार तुटली, मालक नवी देत न्हाय. आता तार मीच हाय."

"अहो, मग अडकू द्या की."

"एक खेळ बंद पडला की मालक थेटरला टाळंच लावील. वाटच बघतोय."

पाणी प्यायला त्याने क्षणभर फिल्मवरचा हात काढला. पापणी लवतच राहिली.

मुतारी विसरून मी खाली आलो. पडद्यावर हिरॉइन रडत होती, सगळे नाकं पुसत होते, आणि मी बायकोशेजारी बसून मागच्या झरोक्याकडे बघत राहिलो.

परतताना बायकोला सगळं सांगितलं. गोडदेवच्या वळणावर ती थांबली. मग म्हणाली, "हे त्याच्या बायकोला माहीत आहे का हो?"