बी मिझाची सरळ भिंत

मचानो उस्सीने काढलेला एक फोटो माझ्यापुढे आहे. माझ्या समोर राहणाऱ्या बी मिझाच्या घराची गल्लीकडची भिंत त्यात अगदी सरळ उभी आहे. हा फोटो काढल्यानंतर अकराव्या दिवशी ती भिंत कोसळली. बी मिझा आत होती. त्याला महिना उलटला.

मचानो झांझिबारच्या आमच्या जुन्या शहरात सरकारी कचेरीसाठी घरांची पाहणी करतो. त्याचे वडील गवंडी होते. समुद्रातल्या पोवळ्याचा दगड आणि चुना यांत त्यांचा जन्म गेला. त्यांचा पितळी ओळंबा, दोरीला टांगायचे वजन, मचानोच्या खिशात कायम असे. मार्चमध्ये मोठा पाऊस लागण्याआधी तो एकशे चाळीस घरे हिंडायचा. गच्चीवरून दोरी सोडायची, भिंत कुठे पोट काढून बाहेर आली आहे ते पाहायचे आणि वहीत लिहायचे. तो ज्या घराला धोक्याचे म्हणेल, तिथल्या माणसांना कचेरी दुसरीकडे हलवी. आमच्या गल्लीतल्या लोकांची झोप त्याच्या शब्दावर होती.

यंदा कचेरीने दोरी बंद करून फोटो मागितले. आमच्या गल्ल्या अशा की दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर भांडण ठरलेले. फोटो काढायला मागे सरकावे, तर पाठीला समोरचे घर लागते. मग कॅमेरा वर उचलावा लागतो, आणि वर उचलला की प्रत्येक भिंत मागे कललेली दिसते. कचेरीतल्या साहेबांनी पहिला गठ्ठा परत केला. म्हणाले, मचानो, तुझ्या फोटोंत सगळे शहरच लवंडले आहे, त्यातले खरे पडणारे घर कोणते ते तूच शोध.

ह्यांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा, फोटो स्टुडिओ चाळीस वर्षे बाजारात होता, म्हणून मचानो माझ्याकडे आला. मला तो आत्या म्हणतो. नऊ जानेवारीला आम्ही कॅमेऱ्यांच्या दुकानात गेलो. पहिल्या कॅमेऱ्यात बंदरातल्या खलाशाच्या मिशा दिसत होत्या, पण समोरचे घर मावत नव्हते. दुसऱ्यात घर मावले. मात्र तो इतका जड, की शिडीवर एका हाताने धरणे अशक्य. तिसरा साबणाच्या वडीएवढा. त्यात घर पायापासून गच्चीपर्यंत आले. त्याच्या वरच्या फिरत्या चकतीवर छोट्या घराचे चित्र होते. दुकानदाराने चकती तिथे आणून समोरच्या इमारतीचा फोटो काढला, आणि कललेल्या भिंती पडद्यावर ताठ उभ्या राहिल्या.

मचानो माझ्याकडे पाहत राहिला. मीच म्हटले, "हाच घे. आमचे हे अंधाऱ्या खोलीत फोटोचा कागद तिरपा धरून तासभर जे करायचे, ते हा एका क्षणात करतो."

एप्रिल लागला. बी मिझा माझ्या समोर राहायची. एकटी बाई, तांदळाच्या गोड जाड पोळ्या करून विकायची. तिचे दार नीट लागेना. पावसाची तिला भीती वाटली आणि तिने भाचीकडे जायला गाठोडे बांधले. निघण्याआधी मचानोला हाक मारली. मी ओट्यावरच बसले होते.

"दार मला घरात घेत नाही रे," ती म्हणाली. "रोज खांदा मारावा लागतो. नवऱ्यालासुद्धा एवढा मारला नव्हता."

मचानो हसला. समोरच्या घराला पाठ टेकवून त्याने फोटो काढला आणि तिला पडदा दाखवला.

"बघ आजी. दार ओलीनं फुगलंय. भिंत माझ्यापेक्षा ताठ आहे."

तिने कॅमेरा डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, मग मला दाखवला. मलाही भिंत सरळ दिसली. "बरं, मग दारालाच शिव्या देते," असे म्हणून ती वर गेली आणि गाठोडे सोडले.

अकराव्या दिवशी सकाळी पाऊस थांबून ऊन पडले होते. मी चहा गाळत होते. आवाज झाला तेव्हा मला वाटले बंदरात काही पडले. खिडकी उघडली तर पांढऱ्या धुळीपलीकडे आकाश दिसत होते. तिथून मला कधीच आकाश दिसले नव्हते. मचानो धावत आला आणि हातांनी दगड उपसू लागला. ती सापडली तेव्हा तिच्या बोटांना पीठ चिकटलेले होते.

तिसऱ्या दिवसाचे कुराणपठण आटोपल्यावर तो कॅमेरा घेऊन माझ्याकडे बसला. पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता की मी पाहिले होते, आत्या, तूही पाहिलेस. मी माझ्या रोजनिशीतले नऊ जानेवारीचे पान काढले. शाळेत सिस्टरनी लावलेली सवय, रोजचे रोज लिहायचे. माझ्याच अक्षरात ओळ होती: ‘हा कॅमेरा वाकड्या भिंती आपोआप सरळ करतो. मोठीच सोय.’

मी ती दोनदा मनात वाचली. मग मोठ्याने वाचली.

 मचानोने माझी इस्त्रीची फळी भिंतीशी जरा तिरपी उभी केली, शेजारी खिळ्याला ओळंबा टांगला आणि चकती घराच्या चित्रावर ठेवून फोटो काढला. पडद्यावर फळी ताठ उभी होती आणि दोरी तिरपी.

"दोरी कधी तिरपी लोंबत नाही, आत्या," तो म्हणाला.  ह्यांना हे ठाऊक होते. कागद तिरपा धरण्याआधी ते गिऱ्हाइकाला विचारून घेत, खरी सरळ रेघ यातली कोणती.

त्या आठवड्यात मचानो भर पावसात सगळी घरे पुन्हा हिंडला, प्रत्येक फोटोत ओळंबा टांगून. तीन घरांत दोरी भिंतीशी तिरपी आली. साहेब कुरकुरले, तरी तिन्ही घरांतली माणसे हलवावी लागली. बी मिझाच्या घराच्या अहवालात त्याने स्वतःच लिहिले: ‘दार अडकत असल्याचे तिने सांगितले होते. मी फोटो दाखवला.’

कॅमेरा तोच आहे. चकतीवरचे घराचे चित्र त्याने सुरीने खरवडून काढले आहे. आता तो गल्लीत आला की आधी घरातल्या बाईला हाक मारतो आणि दार नीट लागते का ते विचारतो. नाही म्हटले तर स्वतः जाऊन दाराला खांदा लावून बघतो. कॅमेरा तोवर खिशातच असतो.